शनिवारपर्यंत पुसू नये

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई उत्तर बरोबर आहे की चूक हे चेहऱ्यावर दिसू देत नसत. म्हणजे त्या चेहराच दाखवत नसत. मुलगी फळ्यापाशी गेली आणि तिनं खडू हातात घेतला, की बाई सरळ खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. खिडकीतून पैठण गेटाकडे जाणारा रस्ता दिसायचा. टांगे, सायकली, कडब्याच्या गाड्या. बाई ते सगळं इतकं मन लावून बघायच्या, की नव्या मुलीला वाटावं यांना आपल्याशी काही देणंघेणंच नाही. गणित संपवून मुलगी म्हणायची, "झालं, बाई."

"तुला पटलं?" बाई रस्त्याकडे बघतच विचारायच्या.

मुलगी घुटमळली की म्हणायच्या, "मग झालं कसं?"

असं का करता म्हणून एकीनं धीर करून विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही पोरी लई बेरकी. हिसाब सोडवत नाय, माझं तोंड वाचता. भिवई हलली की खोडून टाकता. पुढं मी थोडीच संगं येणार हाय तोंड दाखवायला?"

बाई मूळच्या पैठणच्या. घरी माग होता, वडील आणि दोघे भाऊ पैठणी विणायचे. घरात दखनी आणि दाराबाहेर मराठी, अशा दोन बोलींत त्या वाढल्या. शाळा मात्र निजामाच्या काळातली, उर्दूतली, आणि तीही मिडलपर्यंत. पोलीस ॲक्शन झालं, राज्य बदललं, शाळांमधली भाषा बदलली. बाईंनी ट्रेनिंग घेतलं आणि मराठी शाळेत लागल्या. तरी तिन्ही भाषांनी त्यांच्यात आपापली कामं वाटून घेतली होती. हिसाब उर्दूत चालायचा, समजावणं मराठीत, आणि राग दखनीत. गुणाकार करताना ओठ "सात सत्ते उनचास" असे हलायचे आणि फळ्यावर मराठी आकडे उमटायचे. घाईत त्रिकोणाला मुसल्लस म्हणून गेल्या की लगेच "त्रिकोण, त्रिकोण" असं दोनदा म्हणून भरपाई करायच्या. आम्हाला दोन्ही शब्द पाठ झाले. मी पुढे पाटबंधारे खात्यात नकाशे तपासण्यात सगळी नोकरी घालवली, आणि अजूनही एकटी असले की त्रिकोणाला मनातल्या मनात मुसल्लसच म्हणते.

या बाई सातवीच्या मुलींसाठी सकाळी सात वाजता एक जादा वर्ग घ्यायच्या. शाळा अकराची. पुस्तकात नसलेलं, आठवी-नववीच्या मुलांना शिकवतात ते बीजगणित आणि भूमिती त्या आम्हाला शिकवायच्या. बाकीच्या शिक्षिका त्याला "हुशारांचा वर्ग" म्हणत. बाईंना तो शब्द खपत नसे. "हुशार कोण ते मेल्यावर कळतं. हा वरचा हिसाब हाय, इतकंच," असं त्या म्हणायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यासाठी कुणी शाबासकीही देत नव्हतं. त्यांना ते करायचं होतं म्हणून त्या करत होत्या, आणि एकदा करायचं म्हटल्यावर बाईंच्या वाटेत उभं राहण्यात अर्थ नसे.

या वर्गात मुली निवडायची त्यांची रीत तर सगळ्या शाळेत चेष्टेचा विषय होती. त्या मार्क बघत नसत. सहावीच्या शेवटी एका शनिवारी, शाळा सुटायच्या घंटेलाच त्या आमच्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "पाच फूट लांब, पाच फूट रुंद अशी चौरस सतरंजी हाय. मला बरोब्बर दुप्पट जागा झाकणारी चौरस सतरंजी पाहिजे. तिची बाजू किती? सोमवारी बोलू." आणि निघून गेल्या.

सोमवारी त्या शाळेच्या दारात उभ्या. बहुतेक मुली "दहा फूट" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. पाचाची दुप्पट दहा, त्यात काय. बाई "बरं" म्हणायच्या आणि पुढे सोडायच्या. काही मुली तर गणित साफ विसरल्या होत्या. त्यांनाही बाई "बरं" म्हणायच्या.

मी लासूर स्टेशनची. वडिलांचं तिथं भुसार मालाचं दुकान. शिकायला म्हणून इथं काका-काकूंकडे राहायचे. त्या रविवारी माझं डोकं फिरायचं बाकी राहिलं होतं. दहा धरलं तर सतरंजी चौपट होत होती, हे मला दहा मिनिटांत कळलं. मला हवे होते पन्नास. साती साती एकोणपन्नास. एक कमी. सात पूर्णांक एक दशांश घेतलं तर पन्नासच्या वर जात होतं. सात पूर्णांक सात शतांश घेतलं तर पन्नासला जरासं कमी. मग आणखी एक आकडा, मग आणखी एक. काकूनं पाटी काढून घेतली आणि म्हणाली, "आधी गिळ दोन घास." मी जेवताना ताटात बोटानं गुणाकार करत होते. संध्याकाळी मला रडू फुटलं. सोमवारी दारात बाई दिसल्या तशी मी भडकूनच म्हणाले, "बाई, तुमचं गणित चुकलंय. उत्तर येतच नाही, नुसतं जवळ जवळ जातं."

"काल जेवलीस का?" बाईंनी विचारलं.

"काकूनं रागवून जेवू घातलं."

"जूनपासून सकाळी सातला ये."

उत्तर त्यांनी सांगितलं नाही. पुढचे तीन महिने सांगितलं नाही. दारातल्या इतर मुलींकडे बघत त्या मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, म्हणाल्या ते मात्र मी ऐकलं. "जिचा रविवार सुखानं गेला ती माझ्या कामाची नाय."

यावरून एकदा गंमत झाली. आमच्या वर्गात दरवर्षी पहिली येणारी मुलगी वकिलांची. तिला बाईंनी घेतलं नव्हतं. वकिलीणबाई शाळेत आल्या, टांगा बाहेर उभा करून.

"माझी मुलगी पहिली येते. तिला वगळायचं कारण?"

"त्या रविवारी काय केलं तिनं?"

"काय करणार? आम्ही सगळे वेरूळला गेलो होतो. छान गेला रविवार."

"मग झालं तर. माझ्या वर्गात आली की तिचे रविवार नासतील. तुम्ही आई हायत, विचार करा."

वकिलीणबाई खरोखरच विचार करत टांग्यात बसल्या. जुलै संपता संपता ती मुलगी स्वतःच, आईला न सांगता, सकाळी सातला वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. "बाई, ती सतरंजी..." एवढंच म्हणाली. बाईंनी तिला आत घेतलं. आम्ही चौदा होतो, पंधरा झालो.

वर्गातली त्यांची दुसरी रीत जास्त त्रासाची होती. बरोबर सोडवलेलं गणित त्या लगेच पुसायच्या. "बरोबर हाय ना? मग त्याच्याकडं काय बघायचं?" चुकलेलं मात्र राहायचं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली त्या चौकट आखायच्या, तिच्यात चुकलेलं गणित जसंच्या तसं लिहायच्या, खाली मुलीचं नाव आणि त्याखाली "शनिवारपर्यंत पुसू नये". आठवड्यातून एकच चूक निवडायच्या, आणि ती निवडण्यातही मानपान असायचा. साध्या बेरजेच्या चुकीला त्या हात लावत नसत. चूक डोक्यातून आलेली हवी, हातातून नव्हे. गावात रात्री थांबणारी एसटी असते ना, तशी ही मुक्कामी चूक. शनिवारी दुपारी आम्ही सगळ्या मिळून तिला निरोप द्यायचो, म्हणजे ती कुठून शिरली ते शोधायचो.

तोच फळा दिवसभर इतर शिक्षिकाही वापरत. इतिहासाच्या बाई चौकटीला वळसा घालून लिहायला शिकल्या. भूगोलाच्या बाईंची पंचाईत व्हायची. महाराष्ट्राचा नकाशा काढायचा तर डावा कोपरा लागतो. एक आख्खं वर्ष आम्ही कोकणाशिवायचा महाराष्ट्र शिकलो. मोठ्या बाईंकडे तक्रार गेली. बाई म्हणाल्या, "कोकण पुस्तकात हाय. ही चूक पुस्तकात नाय."

माझीही चूक एक आठवडा मुक्कामाला होती. दोन संख्यांची बेरीज करून तिचा वर्ग काढायचा, की दोन्हींचे वर्ग वेगवेगळे काढून मग मिळवायचे, दोन्ही सारखंच, असं मी ठोकून दिलं होतं. आणि नुसतं ठोकून दिलं नव्हतं, पडताळाही करून दाखवला होता. पाच आणि शून्य घेतले. बेरीज पाच, वर्ग पंचवीस. वेगवेगळे वर्ग पंचवीस आणि शून्य, मिळून पंचवीस. जुळलं! बाई खिडकीशी उभ्या होत्या त्या वळल्या. मला वाटलं, आता रागावणार. त्या हसत होत्या. वर्षभरात दोनदा हसल्या असतील, त्यातलं हे एकदा.

"पोरी, पडताळा केलास, चांगलं केलंस. पण विचारलं कुणाला? शून्याला? गावात एक माणूस असतो बघ, कुणी काही म्हणो, तो आपला व्हय म्हणतो. त्याची साक्ष धरतात का? दोन आन तीनला विचार."

दोन आणि तीनला विचारलं. बेरजेचा वर्ग पंचवीस, आणि वर्गांची बेरीज तेरा. आठवडाभर शाळेतल्या मुली मला "शून्याची साक्ष" म्हणून चिडवत होत्या. मला त्या चौकटीकडे बघवत नव्हतं. पण पुढे नोकरीत कुणी ठेकेदार एखादा सोयीचा आकडा पुढे करून "बघा जुळतंय" म्हणाला की मी कधी फसले नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या शाळेत आठवीपासून मुलींना सामान्य गणित आणि शिवण-स्वयंपाक होता. बीजगणित-भूमिती फक्त मुलांच्या शाळेत. म्हणजे बाईंनी सातवीत आम्हाला एवढं चढवून ठेवायचं आणि आठवीत आम्ही जाऊन काजं-बटणं करायची. बाईंच्या आधीच्या दोन तुकड्यांचं तेच झालं होतं. त्यातल्या एकीला त्यांनी नंतर बाजारात पाहिलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बाई, सगळं विसरले." ते वाक्य बाईंना लागलं होतं. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, की आठवीत मुलींना वरच्या गणिताचा वर्ग मिळवायचाच. अर्ज केले, पुन्हा केले. शिक्षण खात्याच्या कचेरीत बाकावर छत्री मांडीवर घेऊन तासन्‌तास बसल्या. शेवटी उत्तर आलं, शाळा तपासणारे साहेब स्वतः येऊन मुलींची तयारी बघतील आणि मग ठरवतील.

माझं सगळं त्या वर्गावर टांगलेलं होतं. वडिलांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "आठवीत ते वरचं गणित मिळत असंल तर राहा काकाकडं. नसंल तर शिवण शिकायला लासूरला बी मशीन हाय." वडील वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि म्हणूनच मला त्यावर काही बोलता येत नव्हतं.

साहेब शुक्रवारी येणार होते. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी बाईंनी एक गणित घातलं. त्या दर शनिवारी एसटीनं पैठणला जायच्या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायच्या. "माझ्याच रस्त्याचा हिसाब," त्या म्हणाल्या. "जाताना गाडी ताशी तीस किलोमीटरनं गेली. येताना ताशी वीसनं आली. जाऊन-येऊन सरासरी वेग किती?" कुणी काही बोलायच्या आत त्यांनीच घाईघाईत लिहिलं, तीस अधिक वीस भागिले दोन, पंचवीस. त्यांना पुढच्या अवघड गणिताकडे जायचं होतं.

मी वहीत मांडून बघत होते. अंतर साठ धरलं. जायला दोन तास. यायला तीन तास. एकशे वीस किलोमीटर, पाच तास. चोवीस. पुन्हा केलं, पुन्हा चोवीस.

"बाई, चोवीस येतात."

बाई फळ्याकडे वळल्या, खिडकीकडे नव्हे. माझी वही घेतली. ओठ हलले. मग त्यांनी डाव्या कोपऱ्यात नवी चौकट आखली, आपलं चुकलेलं गणित तिच्यात लिहिलं, खाली आपलं नाव, आणि त्याखाली नेहमीचं वाक्य. "ही डोक्यातून आलेली हाय," त्या म्हणाल्या, जवळजवळ कौतुकानं.

गुरुवारी मोठ्या बाई वर्गात आल्या आणि चौकट बघून त्यांचा चेहरा उतरला. त्या मनानं चांगल्या, पण कुणी साहेब येणार म्हटलं की त्यांची झोप उडायची.

"अहो बाई, उद्या साहेब यायचेत. तेवढं पुसून टाका."

"शनिवारी पुसते."

"उद्या शुक्रवार आहे!"

"मग उद्या दिसंल त्यांना."

"शिक्षिकेचंच गणित चुकलेलं बघून ते वर्ग देतील का? त्या पोरींचं तरी बघा!"

"पोरींचंच बघतेय," बाई म्हणाल्या. "आजपर्यंत तीन तुकड्यांतल्या पंचवीस पोरींची नावं इथं लागली. त्यांची राहिली आठवडाभर. माझं नाव आलं की साहेबांना भ्यायचं?"

मोठ्या बाई गेल्या. शुक्रवारी सकाळी वर्गाची किल्ली माझ्याकडे होती. मोठ्या बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू शहाणी आहेस. तुझ्या बाईंना कळत नाही, तुला कळतं. वर्ग हवा ना तुला?" एवढंच म्हणून त्या गेल्या. त्यांनी पूस असं म्हटलं नव्हतं, हे मी आजही त्यांच्या बाजूनं सांगते. ओलं फडकं मीच आणलं. चौकटीसकट सगळं पुसलं, दोनदा पुसलं, फळा वाळेपर्यंत पदराएवढ्या ओढणीनं वारा घातला. बाईंची अब्रू वाचवली असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी माझी आठवी वाचवत होते.

साहेब आले. उंच, बारीक, पांढरा शर्ट. मागे शेरेबुक घेतलेला शिपाई आणि घामानं डबडबलेल्या मोठ्या बाई. साहेब बसले. आमच्या बाई आत आल्या, त्यांची नजर फळ्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"कुणी पुसलं?"

मी उभी राहिले. मोठ्या बाई खाली बघत होत्या.

"बस," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी खडू घेतला, चौकट आखली आणि ते गणित पुन्हा लिहिलं, एकेक ओळ, अगदी मंगळवारी लिहिलं होतं तसं. खाली स्वतःचं नाव. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, हे इथं होतं. एका पोरीनं माझ्या काळजीपोटी पुसलं. चूक माझी हाय."

साहेबांनी चष्मा वर केला. "आणि ही पकडली कुणी?"

"जिनं पुसली तिनंच."

साहेबांनी मला उभं केलं. "कुठं चुकलं ते सांग बरं."

त्या वर्गासाठी बाईंनी किती महिने कचेरीचे उंबरे झिजवले होते ते मला माहीत होतं. आता मी तोंड उघडून सगळ्यांदेखत सांगायचं, की माझ्या बाईंचं चुकलं. मी बाईंकडे बघितलं.

"माझ्याकडं नको बघू," बाई म्हणाल्या. "फळ्याकडं बघ आन सांग." आणि त्या खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

मी सांगितलं. गाडी जेवढा वेळ तीसनं धावली त्यापेक्षा जास्त वेळ वीसनं धावली, म्हणून दोन्ही वेगांना सारखा मान देता येत नाही. जायला दोन तास, यायला तीन. चोवीस.

"साठऐवजी अंतर नव्वद असतं तर?" साहेबांनी विचारलं.

"तरी चोवीसच," मागून वकिलांची मुलगी म्हणाली. "अंतर वाढेल तसा वेळही त्याच मापानं वाढेल, सर."

मग साहेब खुलले. पाऊण तास त्यांनी आम्हाला सोडलं नाही. आम्हीही त्यांना सोडलं नाही. एका गणितात तेच अडकले, तेव्हा एक मुलगी नकळत म्हणून गेली, "सर, तुमची चूक चौकटीत जाईल हां." साहेब हसले. जाताना त्यांनी बाईंना विचारलं, "आपलं शिक्षण?"

"मिडल. उर्दूतून. मग ट्रेनिंग."

"बीजगणित कुठं शिकलात?"

"या पोरींच्या आधी दोन दिवस," बाई म्हणाल्या. "दरवेळी दोनच दिवस आधी."

साहेब शेरेबुकात बराच वेळ लिहीत राहिले.

महिन्याभरानं कागद आला. मोठ्या बाईंनी आम्हा पंधरा जणींना बोलावून तो वाचून दाखवला. मुलींची तयारी असाधारण आहे, आठवीत वरच्या गणिताचा वर्ग मंजूर करण्यात येत आहे. आम्ही ओरडलोच. मोठ्या बाईंनी हात वर केला. कागद संपला नव्हता. अध्यापनासाठी विज्ञान पदवीधर शिक्षक नेमण्यात येईल, सध्याच्या शिक्षिकेची तयारी या विषयासाठी अपुरी आहे. त्याच पाकिटात दुसरा कागद होता. बाईंची बदली चिकलठाण्याच्या शाळेत. पहिलीच्या वर्गावर.

मी बाईंना शाळेच्या दारात गाठलं. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण जे निघालं ते हुंदक्यांतून. "मी बोललेच नसते तर तुम्ही राहिला असता."

"मी राहिले असते," बाई म्हणाल्या, "आन वर्ग गेला असता. मग मी तुम्हाला काय शिकवलं असतं? काजं करायला?"

"पण तुम्हाला पहिली दिली, बाई. एक-दोन-तीन!"

"मग? एक-दोन-तीन कुणीतरी शिकवलंच की तुला." त्यांनी माझे डोळे माझ्याच ओढणीनं पुसले, जरा जोरातच. "साहेबानं खरं लिहिलं. खोटं लिहिलं असतं तर भांडले असते. जा घरी. बापाला पत्र टाक, वर्ग मिळाला म्हणून."

मी पत्र टाकलं. वडिलांचं उत्तर आलं, एका ओळीचं. राहा. त्या एका शब्दासाठी मी दिवाळीपासून जीव टांगून घेतला होता, आणि तो आल्यावर मला आनंदच होईना.

जूनमध्ये आठवी सुरू झाली. नवे सर तरुण होते, बी.एस्सी., अक्षर सुबक, बोलणं भरभर. एका हातानं लिहायचे आणि दुसऱ्या हातात डस्टर धरायचे. फळा एका बाजूनं भरायचा आणि दुसऱ्या बाजूनं रिकामा व्हायचा. सरांचं गणित कधी चुकत नसे. आम्ही नुसत्या उतरवून घ्यायचो. पहिल्याच आठवड्यात मला कळून चुकलं, की आपण मागे पडतोय, आणि शेजारणीच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की तीही पडतेय. पण कुणी बोलत नव्हतं. एवढ्या खटपटीनं मिळालेला वर्ग, त्यात आपल्याला समजत नाही म्हणायचं कसं?

दुसऱ्या सोमवारी दुपारचा तास सुरू होता. मागच्या दारातून बाई आत आल्या. काखेत छत्री, हातात नवी वही. चिकलठाण्याची शाळा सकाळची. ती सुटली की बसनं इकडे यायचं, असं त्यांनी मोठ्या बाईंकडून ठरवून घेतलं होतं. सर खडू धरून तसेच उभे राहिले.

"साहेबांनी लिहिलंय, तयारी अपुरी," बाई त्यांना म्हणाल्या. "बरोबर लिहिलंय. ती पुरी करायला आले. मॅट्रिकला बाहेरून बसायचं म्हणते. तुमची हरकत नसंल तर मागं बसते."

सरांनी मान हलवली. बाई माझ्या बाकाशी आल्या.

"सरक गं थोडी."

मी सरकले. पन्नाशीकडे झुकलेल्या बाई मुलींच्या त्या बुटक्या बाकात गुडघे आखडून बसल्या आणि त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली. सरांनी गणित सोडवलं. सहा ओळी. वळले आणि म्हणाले, "समजलं?"

"होऽ, सर," आम्ही सगळ्या म्हणालो. मीसुद्धा. मला तिसरी ओळ अजिबात समजली नव्हती.

सरांनी डस्टर उचलला. माझ्या शेजारून एक हात वर गेला, ताठ, कोपरात जराही न वाकलेला.

"मला नाय समजलं, सर. तिसरी ओळ."

सरांचा डस्टर फळ्यापाशी थांबला. पुढच्या बाकावरून वकिलांच्या मुलीनं मागे वळून बाईंकडे बघितलं, आणि तिनंही हात वर केला. मग आणखी एक. मग माझा. सरांनी मोजले की नाही कोण जाणे, मी मोजले. आम्हा पंधरापैकी तेरा जणींचे हात वर होते, आणि बाईंचा चौदावा. सरांनी डस्टर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बरं. तिसऱ्या ओळीपासून पुन्हा बघू."